चार दिवस उपवास, चार दिवस पारणं

मी आयुष्यभर उपवास केले. लग्नाआधी सोळा सोमवार, मग संकष्टी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, नवरात्रात उठता-बसता, हरतालिकेला निर्जळ. तरी वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत खरोखर उपाशी अशी मी फारशी राहिलेच नव्हते. आमच्या घरच्या एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, जोडीला रताळ्याचे काप, रात्री शिकरण आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे कंदाचं निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं असतात. सात वर्षं मधुमेह असलेली मी हे महिन्यातून दोनदा, देवाचं नाव घेऊन, पोटभर खात होते. द्वादशीला सकाळी साखर तपासली की ती चढलेली असायची आणि मी म्हणायची, उपवास बाधला.

गेल्या वर्षी चैत्रात फोनवर उपवासाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहा, मधुमेह जातो, असं एक गृहस्थ खात्रीनं सांगत होते. घरात कुणाला न सांगता एका सोमवारी मी सुरुवात केली. सकाळच्या गोळ्या मात्र रोजच्यासारख्या घेतल्या. माझी एक गोळी मेटफॉर्मिनची होती, दुसरी ग्लिमेपिराइडची. दुपारी चारच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मोरीच्या उंबऱ्याशी बसले ती उठताच येईना. शेजारच्या भाभी वाटी परत द्यायला आल्या होत्या म्हणून वाचले. त्यांनी घरातल्याच यंत्रावर साखर पाहिली. ४८ होती. पाण्यात साखर कालवून त्यांनी घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, आणि मग ह्यांना दुकानात फोन केला.

आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कागदावर काढून समजावलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती गोळी बघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एवढी खाली सहसा जात नाही, पण या गोळीवर राहून उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ. हे त्या व्हिडिओत कुठेही नव्हतं. मधुमेहाची गोळी घेणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवावं.

भाभी मात्र वेगळंच बोलल्या. त्यांच्याकडे भुसाराचा व्यापार, तीन पिढ्या बार्शीत. जैनांच्या पर्युषणात त्यांनी तीनदा अठ्ठाई केलेली आहे, म्हणजे आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही उपवास धरला, पण सोडणार कसा होतात ते ठरवलं होतं का? आमच्याकडे पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा नेम, घ्यायच्या आधी घरात पारण्याची तयारी होते. आणि एकट्यानं कोण करतं हो? माझ्याकडे तर रोज दहा जण साता, म्हणजे खुशाली, विचारायला यायचे."

मी गप्प बसले. आमचं गावच मुळी पारण्याच्या गोष्टीचं आहे. बार्शीचा भगवंत म्हणजे अंबरीषाला पावलेला विष्णू. राजा अंबरीषाची एकादशी, द्वादशीला दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानाला गेले ते परतेनात. द्वादशी सरत आलेली, अतिथीला सोडून जेवायचं कसं आणि पारण्याची वेळ चुकवायची कशी? राजानं नुसतं पाणी घेऊन उपवास सोडला. दुर्वास कोपले आणि देवाला धावून यावं लागलं. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली ही कथा मला कायम दुर्वासांच्या रागाची वाटायची. कथा सगळी उपवास सोडण्यावर उभी आहे, हे भाभींनी विचारल्यावर माझ्या ध्यानात आलं.

उपवास करून बघायचाच, पण नीट, असं मी ठरवलं. डॉक्टरांनी आधी नको म्हटलं, मग मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या तपासण्या करून, हृदयाचा आलेख काढून, एका अटीवर होकार दिला: जिथे चोवीस तास डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी जायचं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४ टक्के, रक्तदाबाची एक गोळी, वजन ७४ किलो २०० ग्रॅम. एवढं घेऊन मी पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवसांसाठी निघाले.

कुर्डुवाडीहून गाडी. दौंड गेलं की उरुळी स्टेशन लागतं. याच उरुळी कांचनला १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी आठवडाभर राहिले, गावातल्या रोग्यांना माती, पाणी आणि आहार यांनी तपासलं-सांभाळलं आणि मणिभाई देसाईंवर काम सोपवून गेले. तिथला आश्रम आजही चालू आहे. लेकाच्या शिक्षणाच्या वेळी या रुळावरून मी कितीदा तरी गेले असेन, खिडकीतून फक्त भेळवाला शोधायची. या खेपेला पाटी दिसली तेव्हा हात जोडले.

केंद्रात पहिला अर्धा दिवस नुसता चौकशीत गेला, आणि तेवढ्यावरच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, निसर्गोपचार आणि योग यांची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेल्या, आणि जोडीला एक वयस्क एमबीबीएस डॉक्टर रोज फेरी मारायचे. माझ्या पुढे नंबर असलेली मुलगी विशीतली, काटकुळी, तिला अजून बारीक व्हायचं होतं. तिला त्यांनी उपवास दिलाच नाही. तासभर जवळ बसवून बोलल्या आणि आईला आत बोलावलं. इन्शुलिन घेणाऱ्या एका काकांना फक्त आहार आणि व्यायाम दिला. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मूत्रपिंड कमजोर असलेल्या, वारंवार युरिक अॅसिड वाढून सांधे धरणाऱ्या माणसांनाही इथे उपाशी ठेवत नाहीत असं कळलं. मला विचारलं, "काकू, तुमच्या कुठल्या गोळीच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं का?" तशी गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं म्हणे. माझी नव्हती. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद केली, उपवासाचे चार दिवस मेटफॉर्मिनही नाही, रक्तदाबाची गोळी अर्धी. हे सगळं माझ्या बार्शीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून. आणि साखर ७० च्या खाली गेली की उपवास तिथेच संपला, वाद घालायचा नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं.

पहिले दोन दिवस तयारीचे. उकडलेल्या भाज्या, पपई, ताक, रात्री दुधीचं सूप. चहा बंद. मी दिवसाला चार कप चहा पिणारी. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात. मला वाटलं भुकेनं. डॉक्टर म्हणाल्या, भूक अजून सुरूच झाली नाही, हा चहा बोलतोय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं आपोआप उतरलं.

मग चार दिवस पाणी. दिवसातून पाच वेळा कोमट पाण्यात अर्धं लिंबू, त्यातल्या दोन वेळा चमचाभर मध, एरवी साधं पाणी मागाल तेवढं. पहाटे साडेपाचला उठायचं, प्रार्थना, पोटावर ओल्या मातीची पट्टी वीस मिनिटं, कोमट पाण्याचा एनिमा, उन्हं चढली की कटिस्नान, म्हणजे खुर्चीसारख्या टबात कमरेपर्यंत गार पाण्यात बसणं. एनिमाची मला लाज वाटत होती. तिथल्या मावशींनी बाळाचं करावं तितक्या सहजपणे सगळं केलं आणि लाज गेली.

पहिल्या दिवशी भूक घड्याळ लावून आली. बरोबर साडेआठला, आमच्या नाश्त्याच्या वेळेला. मग दीडला. मग संध्याकाळी पाचला. आली की अर्धा-पाऊण तास पोटात खड्डा पडायचा, आणि मी काहीच केलं नाही तरी ती निघून जायची. हे मला नवं होतं. घरी भूक लागली की ती वाढतच जाणार या भीतीनं मी लगेच डबा उघडायची. इतक्या वर्षांत तिला एकदाही नुसतं बसून पाहिलं नव्हतं.

दुसरा दिवस सगळ्यात जड गेला. पाय गार पडले, जिभेवर पांढरा थर, तोंडाला पिकून गळलेल्या फळासारखा वास. यकृतात साखरेचा साठा साधारण शंभर ग्रॅमचा असतो. तो दिवसभरात बहुतेक संपतो आणि शरीर चरबी जाळून कीटोन बनवायला लागतं, हा त्याचाच वास. रात्री पिंढरीत गोळे आले. पहाटे उठताना घेरी आली, पलंगाचा कठडा धरला म्हणून पडले नाही. रक्तदाब बसून ११८, उभं राहिल्यावर ९६. डॉक्टरांनी लगेच पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिलं आणि रक्तदाबाची गोळी पूर्ण बंद केली. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, मिठाबरोबर पाणी जातं, म्हणून घेरी येते. तेव्हापासून मी आधी कुशीवर, मग बसून मनात पन्नास अंक, मग उभी, अशी उठायला शिकले. वजन या दोन दिवसांत दीड किलो उतरलं होतं. मला आनंद झाला तर त्यांनी सांगितलं, यातलं बरंचसं पाणी आहे, साठ्यातल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते सुटलंय.

तिसऱ्या दिवशी भूक आलीच नाही. साडेआठ वाजले, दीड वाजला, काही नाही. साखर ८६. अंग हलकं, डोकं स्वच्छ, कान जणू धुतलेले. आवारातल्या पिंपळाची सळसळ खोलीत बसून ऐकू येत होती. सोळा सोमवार केले तेव्हा जे मिळेल असं वाटलं होतं, ते मला त्या दुपारी मिळालं. मी ते देवाशी जोडते. कुणी कीटोनशी जोडलं तर माझी हरकत नाही.

त्या संध्याकाळी व्याख्यान होतं. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाला २०१६ चं नोबेल मिळालं, पेशी उपाशी असताना आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात ती क्रिया यीस्टमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल. कुणीतरी विचारलं, म्हणजे आपल्या अंगातली सगळी घाण चार दिवसांत जळते का? डॉक्टर सरळ नाही म्हणाल्या. माणसात ही क्रिया किती तासांनी किती होते हे यीस्टवरून सांगता येत नाही, आणि घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज, जेवलेल्या माणसातही, करतातच. केंद्राला रोगी हवे असतात, तरीही त्या हे बोलल्या याचं मला मोल वाटतं.

चौथ्या दिवशी मी हट्ट धरला. मला आणखी तीन दिवस करायचे होते. भूक नाही, त्रास नाही, साखर ८२, मग थांबायचं कशाला? डॉक्टरांनी समोर बसवलं. "काकू, भूक लागत नाही हे पुढे जायचं कारण होत नाही. तिसऱ्या दिवसानंतर कुणालाच फारशी लागत नाही. आपण चार ठरवले, चारच." मग त्यांनी मला गांधीजींच्या १९४३ च्या उपवासाबद्दल सांगितलं. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना १० फेब्रुवारीला सुरू केलेला, एकवीस दिवसांचा. मधे प्राण कंठाशी आले, पाणी पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस मिसळून घेतला. आणि एकवीस दिवस झाल्यावर कस्तुरबांनी पेला हातात दिला तो पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसाचा, तोही त्यांनी घोट घोट, बराच वेळ लावून घेतला. ठरवलेल्या दिवशी सोडला आणि तितक्या सावकाश सोडला, हे त्यांना मला दाखवायचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर जेवण मिळाल्यावर दगावली, तीही गोष्ट त्यांनीच सांगितली. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये खेचलं जातं आणि हृदय कोलमडू शकतं. चार दिवसांत माझ्या वजनाच्या बाईला तेवढा धोका नसतो, पण सोडायची रीत तीच पाळायची.

मी ऐकलं. आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या चार दिवसांत होती.

पहिल्या सकाळी आठला नारळपाणी, अर्धा पेला. दहाला मुगाचं कढण: मूग शिजवून, घोटून, गाळून घेतलेलं नुसतं पाणी, त्यात चिमूटभर सैंधव आणि जिरं. शंभर मिली, आणि ते वीस मिनिटांत संपवायचं, आधी नाही. मी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मुगाला इतका गोडवा असतो? तीस वर्षं आठवड्यातून दोनदा मूग शिजवते मी. फोडणीखाली, तिखटाखाली, गोडा मसाल्याखाली तो मूग मला कधी भेटलाच नव्हता.

पण त्या शंभर मिलीनं भूक परत आली, आणि ती चार दिवसांची थकबाकी घेऊन आली. उपवासात चित्त शांत होतं. आता दुपारभर मला भाकरी, शेंगादाण्याची चटणी, वर तेलाची धार, एवढंच दिसत होतं. उपवास सोडण्याबद्दल मला आधी कुणी बजावलं असतं तर हेच बजावायला हवं होतं: धरताना भूक तुमच्या बाजूनं असते, सोडताना ती विरुद्ध उभी राहते.

माझ्या खोलीत नगरकडच्या एक वहिनी होत्या, माझ्याबरोबरच चार दिवस केलेल्या. त्यांच्या बॅगेत भावानं दिलेला फरसाणाचा पुडा होता. दुपारी मी बाहेर बसले असताना त्यांनी खाल्ला, फार नाही, दोन-तीन मुठी. तासाभरात पोट कळवळून उठलं, रात्री आठपर्यंत उलट्या. मी त्यांचं डोकं धरून बसले होते. मला त्यांचा राग आला नाही, कारण पुडा माझ्या बॅगेत असता तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तांदळाची पेज, पातळ, वर शितं मोजून घ्यावीत इतकी. संध्याकाळी जरा घट्ट. तिसऱ्या दिवशी मऊ भात आणि दुधीची बिनतेलाची भाजी. चौथ्या दिवशी मुगाचं वरण, आणि रात्री ज्वारीची अर्धी भाकरी. हा क्रम ऐकून मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या आयुर्वेदात याला संसर्जन क्रम म्हणतात. शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीनंतर, आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग यूष (कढण), आणि असं चढत चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. 'लंघनं परमौषधम्' आपल्याकडे येता-जाता म्हणतात. चरकानं लंघनाचे दहा प्रकार मोजले आहेत. उपवास हा त्यातला एक, आणि व्यायाम, उन्हात बसणं, तहान सोसणं हेही त्यातलेच. पुढचा क्रम मात्र आमच्या घरात कुणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. आजी बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला अगदी असंच चढवत जेवायला घालायची, तिनं त्याला कधी नाव दिलं नाही इतकंच.

ती अर्धी भाकरी मी पस्तीस मिनिटं खाल्ली. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा असं मोजत नव्हते, तो आपोआप तोंडात राहत होता. भाकरीचा पापुद्रा दाताखाली कुरकुरला तो आवाज अजून आठवतो.

निघताना वजन ७० किलो ८०० ग्रॅम, उपाशीपोटी साखर १०४. महिन्याभरात वजन पुन्हा ७२ वर आलं आणि तिथे थांबलं. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाली, ती आजही आहे. ग्लिमेपिराइड आमच्या डॉक्टरांनी पुन्हा दिली नाही. तीन महिन्यांनी सरासरी साखर ६.७ आली. चार दिवसांच्या पाण्यानं मधुमेह गेला असं मी कुणाला सांगणार नाही. ते खरं नाही. नंतरच्या तीन महिन्यांत मी रात्री सातच्या आत जेवले, दोन जेवणांच्या मधे काही तोंडात टाकलं नाही, चहा दोन कपांवर आणला, रोज तासभर भगवंताच्या देवळापर्यंत आणि पुढे चालले. हे सगळं मी आधीही ऐकून होते. जमलं ते आता, कारण साडेआठची भूक अर्ध्या तासात परत जाते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एकादशी अजून धरते. दिवसभर पाणी, दोन वेळा ताक, दुपारी एक फळ. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारलेलं असतं, साखर तीनदा तपासते, आणि सूनबाईला सांगितलेलं असतं. ती दर दोन तासांनी डोकावते, "आई, बरं वाटतंय ना?" भाभींच्या भाषेत साता विचारते. द्वादशीला सकाळी मुगाचं कढण, मग दहा वाजता भाकरी. खिचडी घरात होते, मुलांना आवडते, मी वाढते.

यंदा पर्युषणात भाभींनी पुन्हा अठ्ठाई केली. वय झालंय, डॉक्टरांना दाखवून केली. आठही दिवस मी संध्याकाळी जाऊन बसत होते. संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी पारणं. त्यांच्या थोरल्या सूनबाई म्हणाल्या, पहिला चमचा कोण देणार? भाभींनी माझ्याकडे पाहिलं. रात्रीच मूग निवडून ठेवले होते त्यांच्याच घरी, त्यांच्याच भांड्यात, पहाटे सूनबाईंनी शिजवून गाळलेलं कढण. मीठ नाही, जिरं नाही. चांदीची छोटी वाटी मी हातात घेतली, पाणी ओठांना चटका देत नाही ना ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं, आणि चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला.

"सावकाश, भाभी," मी म्हटलं. "घाई नाही."